पित्तनलिकेतील अडथळा : साधा की कर्करोगाचा?

कावीळ हा आपल्याकडे रोग समजला जातो. वस्तुतः ते केवळ लक्षण आहे. ग्वाल्हेरच्या या टापूत पिलिया 'झाडणाऱ्यां'ची परंपरा अजून टिकून आहे. चुन्याच्या पाण्यात रुग्णाचे हात धुतले की पाणी पिवळे होते, गळ्यात घातलेली काड्यांची माळ दिवसेंदिवस लांबत पोटापर्यंत येते आणि कावीळ उतरल्याचे जाहीर होते. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआपच बरी होत असल्याने श्रेय झाडणाऱ्याच्या पदरात पडते. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुःख याचे आहे, की जी कावीळ माळेने उतरण्यासारखी नसते ती घेऊन रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा दोन-तीन महिने निघून गेलेले असतात.

अशा रुग्णाची सोनोग्राफी होते आणि अहवालात एक वाक्य येते : 'पित्तनलिका फुगलेल्या आहेत, पुढे अडथळा संभवतो.' तेथून खरा प्रश्न सुरू होतो. हा अडथळा खड्याचा आहे, जुन्या व्रणाचा आहे, सुजेचा आहे की कर्करोगाचा? हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. माझ्या शल्यकर्माच्या कारकिर्दीत दोन्ही बाजूंनी झालेल्या चुका मी पाहिल्या आहेत आणि त्यांतील एकीत माझाही वाटा आहे. म्हणूनच स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. आपल्या वाचकांत डॉक्टर आहेत तसे त्यांचे कुटुंबीय आणि समाजबांधवही आहेत. तेव्हा थोडी पूर्वपीठिका सांगतो, जाणकारांनी ती सोसून घ्यावी.

यकृतात दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. झाडाच्या डहाळ्या एकत्र येऊन फांद्या आणि फांद्या मिळून खोड व्हावे, तशा यकृतातील बारीक नलिका एकत्र येऊन उजवी व डावी अशा दोन मुख्य नलिका होतात. यकृताच्या द्वाराशी, ज्याला आपण हायलम म्हणतो, तेथे त्या दोन्ही मिळतात. पुढे पित्ताशयाची नळी येऊन मिळते आणि ही सामाईक नलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उघडते. वाटेत कोठेही बांध पडला, की पित्त मागे तुंबते, रक्तात उतरते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा पांढुरका पडतो आणि अंगाला असह्य कंड सुटते. ही सारी लक्षणे अडथळ्याची आहेत, अडथळ्याच्या कारणाची नव्हेत. खडा असो वा कर्करोग, डोळे सारखेच पिवळे होतात.

मग भेद कसा करावा? आमच्या विद्यार्थिदशेत याचे उत्तर तोंडपाठ असे. पोटात कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ ही शार्को यांनी १८७७ साली सांगितलेली त्रयी असली की खडा. वेदनेविना हळूहळू वाढत जाणारी कावीळ आणि हाताला लागणारे फुगीर पित्ताशय असले की कर्करोग. दुसऱ्या विधानामागे बाझल येथील शल्यचिकित्सक कूर्व्हॉझिए यांचे १८९० सालचे लिखाण आहे. त्यांनी अडथळ्याचे १८७ रुग्ण तपासून असे दाखविले, की खड्याने बांध पडला असता पित्ताशय सहसा फुगत नाही, कारण वर्षानुवर्षांच्या दाहाने ते आधीच आकसलेले असते. ते त्यांनी 'नियम' म्हणून सांगितले नव्हते. तो नियम नंतरच्या शिक्षकांनी केला. हे मुद्दाम सांगतो, कारण अपवाद पुष्कळ आहेत. शिवाय अडथळा यकृताच्या द्वाराशी असेल, तर तो कर्करोगाचा असूनही पित्ताशय रिकामेच राहते. पित्त तेथवर पोहोचतच नाही!

तरीही जुन्या पद्धतीची विचारपूस मी टाकाऊ मानत नाही. कावीळ कमी-जास्त होते का, हा प्रश्न अवश्य विचारावा. खडा झडपेसारखा वरखाली होतो, म्हणून कावीळ चढते-उतरते. बिलिरुबिनही सहसा दहाच्या आत राहते. पंधरा-वीसच्या पुढे गेलेले आणि दर आठवड्याला वाढणारे बिलिरुबिन संशय वाढविते. पण येथेही एक फसवा पाहुणा आहे. नलिकेच्या मुखाशी, ॲम्प्युलापाशी होणाऱ्या कर्करोगाचा पृष्ठभाग मधूनच झडतो, वाट थोडी मोकळी होते आणि कावीळ चक्क उतरते. नेमके त्याच आठवड्यात कोणी माळ घातलेली असली तर मग विचारायलाच नको. अशा वेळी बाजूने पाहणाऱ्या दुर्बिणीतून ॲम्प्युलाचे दर्शन घेणे आणि तुकडा तपासणे यास पर्याय नाही.

दुसरा प्रश्न पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा. पोटावर पित्ताशय काढल्याचा व्रण किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या चार बारीक खुणा असतील, तर नलिकेस तेव्हा इजा होऊन नंतर ती आकसली असण्याचा संभव लक्षात घ्यावा. अशी इजा दुर्बिणीच्या हजार शस्त्रक्रियांत तीन ते पाच जणांना होते आणि आकुंचन कधी कधी काही वर्षांनी प्रकट होते. तिसरा प्रश्न बालपणीचा : रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या का, प्लीहा वाढलेली होती का? आपल्या देशात यकृताकडे जाणारी पोर्टल शीर लहानपणीच गोठण्याचा विकार विरळा नाही. मग तिच्याभोवती फुगलेल्या शिरांचे जाळे तयार होते आणि ते पित्तनलिकेला बाहेरून दाबते. चित्रात हे आकुंचन हुबेहूब गाठीसारखे भासू शकते. अशा नलिकेत ब्रश फिरविला किंवा तुकडा घेतला, तर प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. कलर डॉप्लर ही साधी तपासणी आधी केलेली असली, तर हा प्रसंग टळतो. क्षयरोगाच्या गाठी नलिकेवर दाब आणतात हेही भारतात काम करणाऱ्याने विसरू नये; मात्र क्षयाचा शिक्का तुकड्याच्या तपासणीवाचून मारू नये, हा माझा आग्रह आहे.

आपल्या भागापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाश्चात्त्य पुस्तकांत यकृताच्या द्वाराशी असलेला अडथळा म्हटला की क्लॅटस्किन यांचे नाव येते. येल येथील या वैद्यांनी १९६५ साली तेरा रुग्णांचे वर्णन केले आणि नलिकांच्या संगमावरील कर्करोगाला त्यांचे नाव पडले. परंतु उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. स्त्रियांत ते अधिक. तो नलिकेत शिरतो आणि नेमक्या याच जागी बांध घालतो. म्हणून आमच्याकडे प्रौढ स्त्रीमध्ये हायलमचा अडथळा दिसला, की नजर प्रथम पित्ताशयाच्या भिंतीकडे जावी. याच ठिकाणी एक साधा सोबतीही उभा असतो. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला मोठा खडा शेजारच्या नलिकेला दाबतो. अर्जेंटिनाचे मिरिझ्झी यांनी १९४८ साली वर्णिलेला हा विकार बाहेरून कर्करोगासारखा दिसतो. दुर्दैवाने दोन्ही एकत्रही आढळतात. खडा सापडला म्हणून कर्करोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. २००९ साली बासष्ट वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. कावीळ होती, अधूनमधून ताप होता आणि सोनोग्राफीत पित्ताशयात व नलिकेत खडे होते. चित्र इतके सरळ वाटले, की मी त्यांना थेट ई.आर.सी.पी.साठी पाठविले. खडा निघाला, पण त्याच्या वरच्या बाजूस नलिका अरुंद दिसली. ब्रश फिरवून पेशी घेतल्या, स्टेंट घातला. अहवाल आला : कर्करोगाच्या पेशी नाहीत. त्यानंतर सी.टी. स्कॅन केले. त्यात नलिकेची भिंत जाड दिसत होती. क्ष-किरणतज्ज्ञांनी प्रामाणिकपणे लिहिले, की ही जाडी स्टेंटमुळे आलेली सूज असू शकते. मी तेवढ्यावर समाधान मानले. घरच्यांना आनंदाने सांगितले, 'साधे आकुंचन आहे.' तीन-तीन महिन्यांनी स्टेंट बदलत राहिलो. चौथ्या वेळेपर्यंत यकृतात गाठी आल्या होत्या. बाईंच्या मुलाने मला दोष दिला नाही. 'डॉक्टरसाहेब, तो पहिला रिपोर्ट तर चांगला होता ना?' एवढेच त्याने विचारले. त्याला मी जे उत्तर दिले ते मला आजही अपुरे वाटते. पुरे उत्तर असे आहे.

पित्तनलिकेचा कर्करोग हा पेशींनी गच्च भरलेला मऊ गोळा नसतो. तो बहुधा चिवट, तंतुमय असतो. थोड्याशा कर्करोगपेशी पुष्कळशा तंतूंत विखुरलेल्या असतात आणि त्या आतल्या अस्तराखालून पसरतात. वरून फिरविलेल्या ब्रशला त्या लागतीलच असे नाही. म्हणूनच खऱ्या कर्करोगांपैकी निम्म्यांच्या आसपास, अनेक ठिकाणी त्याहूनही कमी जणांत ब्रशचा अहवाल कर्करोग दाखवितो. पेशी सापडल्या तर त्यावर जवळजवळ पूर्ण विश्वास ठेवावा. सापडल्या नाहीत तर काहीच सिद्ध झाले नाही असे मानावे. पेशींतील गुणसूत्रांची फिश तपासणी, चिमट्याने घेतलेला तुकडा आणि नलिकेत प्रत्यक्ष कॅमेरा नेऊन संशयित जागेचा तुकडा घेणारी कोलँजिओस्कोपी यांमुळे परिस्थिती सुधारली आहे, परंतु खात्री यांपैकी कशातही नाही.

माझी याहून मोठी चूक क्रमाची होती. स्टेंट घालण्यापूर्वी एम.आर.सी.पी. आणि तीन टप्प्यांचे सी.टी. केले असते, तर भिंतीची जाडी रोगाची की स्टेंटची हा वाद उद्भवलाच नसता. एकदा नलिकेत नळी गेली, हवा शिरली, सूज आली की पुरावा पुसट होतो. फुगलेल्या नलिका रिकाम्या होऊन मिटतात आणि अडथळा नेमका कोठून कोठवर आहे हेही मग कळत नाही. रुग्णाला पू झालेला ताप असेल, रक्तदाब घसरत असेल, तर अर्थातच थांबू नये. तेथे निचरा हाच प्राण वाचवितो. पण केवळ कावीळ आहे आणि कंड आहे, एवढ्याने दोन दिवसांची घाई करण्याचे कारण नसते. माझ्या रुग्णेला ताप होता खरा, पण तो अधूनमधून येणारा होता. दोन दिवस आम्हांस मिळाले असते.

चांगल्या चित्रात काय पाहावे? खडा असला तर पित्ताच्या पांढऱ्या स्तंभात काळी, गोलसर पोकळी दिसते आणि तिच्या वर पित्ताची चंद्रकोर उमटते. साधे आकुंचन बहुधा आखूड, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखे आणि हळूहळू निमुळते होत गेलेले असते. कर्करोगाचे आकुंचन लांब, खडबडीत, एका बाजूस झुकलेले आणि एकाएकी तुटल्यासारखे असते. भिंत जाड असते आणि ती शिरेतून दिलेले औषध अधिक धरून ठेवते. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही फुगलेल्या दिसल्या तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडे बोट जाते, पण जुनाट दाहातही असे होते. प्रत्येक वाक्यात मला 'बहुधा' घालावा लागतो आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. तो लेखणीचा चाळा नव्हे.

रक्तातील सी.ए. १९-९ या तपासणीविषयी आपल्या समाजात भलताच धाक आहे. अहवालात ३७च्या वर आकडा आला, की घरात रडारड सुरू होते. हा पदार्थ पित्तनलिकेच्या निरोगी अस्तरातही तयार होतो. नलिका तुंबली, त्यात जंतू झाले, की तो रक्तात उसळतो. निव्वळ खड्याच्या आणि पू झालेल्या रुग्णांत तो हजारांत गेलेला आढळतो आणि निचरा झाल्यावर उतरतो. उलट, लेविस या रक्तगट-घटकाचा अभाव असलेल्या शंभरातील पाच-दहा माणसांत तो तयारच होत नाही. त्यांना कर्करोग असला तरी आकडा खालीच राहतो. तेव्हा कावीळ व ताप असताना केलेली ही तपासणी पाहून कोणाचे भवितव्य सांगू नये. बिलिरुबिन उतरल्यावर ती पुन्हा करावी; त्यानंतरही आकडा चढताच राहिला तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा.

दुसऱ्या बाजूची चूक तितकीच महाग असते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ब्लमगार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली एक छोटासा पण डोळे उघडणारा लेख लिहिला. हायलमच्या कर्करोगाचे निदान झालेल्या १०४ रुग्णांपैकी आठ जणांना प्रत्यक्षात कर्करोग नव्हताच. साध्या विकाराने कर्करोगाचा मुखवटा घातला होता. पुढे इतर केंद्रांच्या अनुभवातही, कर्करोग समजून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर शंभरात पाच ते पंधरा जणांच्या काढलेल्या भागात कर्करोग सापडला नाही. या शस्त्रक्रियेत यकृताचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग काढावा लागतो आणि अनुभवी हातांतही ती काही रुग्णांचा जीव घेते.

या मुखवट्यामागील एक मोठा चेहरा २००१ साली जपानी संशोधकांमुळे ओळखीचा झाला. स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहात रक्तातील आय.जी.जी.४ हे प्रतिपिंड वाढते, असे त्यांनी दाखविले; दोन वर्षांनी हा सर्वांगव्यापी विकार असल्याची कल्पना पुढे आली. तो पित्तनलिकेला जाड करतो, आकसवितो, कधी गाठच उभी करतो. आणि स्टेरॉइडने वितळतो. बहुधा तो पन्नाशी-साठीच्या पुढील पुरुषांत दिसतो, अर्थात ज्या वयात कर्करोग अपेक्षावा त्याच वयात.

२०१४ साली लष्करातील एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. अर्थात आमच्या शहरातल्या लष्कर भागातील. दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांना हायलमचा कर्करोग सांगितला होता. वजन आठ किलो उतरलेले, सी.ए. १९-९ चारशेच्या पुढे, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. मुलगा केवळ रक्ताच्या बाटल्यांची व्यवस्था विचारण्यासाठी त्यांना घेऊन आला होता. मी जबड्याखाली हात लावला तो दोन्ही बाजूंस सुपारीएवढ्या टणक, न दुखणाऱ्या लाळग्रंथी लागल्या. 'मास्तर, हे कधीपासून?' 'वर्ष झालं असेल. दुखत नाही, म्हणून कोणाला दाखवलं नाही.' साखरही त्याच वर्षी वाढली होती. सी.टी. पुन्हा पाहिले तेव्हा स्वादुपिंडाच्या कडा गुळगुळीत, सॉसेजसारख्या झालेल्या दिसल्या. आय.जी.जी.४ नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या सहापटीहून जास्त आले. थोडीशी वाढ कर्करोगातही आढळते, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. चौपटीच्या पुढील वाढ मात्र या विकाराच्या बाजूने पुष्कळ काही सांगते. ॲम्प्युलाच्या तुकड्यात तशाच पेशी दाट आढळल्या. नलिकेतील तुकड्यांत कर्करोग नव्हता.

स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी मी घरच्यांना एक तारीख दिली. चार आठवड्यांनी पुन्हा चित्र काढायचे. आकुंचन स्पष्टपणे सुटलेले नसेल तर औषध पुरे आणि शस्त्रक्रियेकडे परत. संशयाच्या सावलीत स्टेरॉइड महिनोन्महिने रेटीत राहणे, हाही कर्करोगाला दिलेला वेळच असतो. शिवाय स्टेरॉइडने भूक वाढते, उत्साह येतो, रुग्ण 'बरा' दिसू लागतो; तो पुरावा नव्हे. चार आठवड्यांनी एम.आर.सी.पी. झाली. नलिका उघडली होती, लाळग्रंथी हाताला लागेनात.

जेथे हायलमच्या कर्करोगाचा संशय दाट आहे, रुग्ण सशक्त आहे आणि गाठ काढण्याजोगी आहे, तेथे पेशींचा पुरावा नसतानाही शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो, हे मी मान्य करतो; पुराव्याची वाट पाहता पाहता शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते. अशा ठिकाणी पोटातून सुई घालून गाठीचा तुकडा घेण्याचा मोह टाळावा, कारण सुईच्या वाटेने पेशी पसरण्याची भीती असते. पण त्या निर्णयापूर्वी आय.जी.जी.४ पाहिले आहे का, जुनी शस्त्रक्रिया विचारली आहे का, पोर्टल शिरेचे डॉप्लर झाले आहे का आणि स्टेंटपूर्वीची चित्रे फायलीत आहेत का, हे चार प्रश्न कुटुंबाच्या डॉक्टरलाही विचारता येतात. त्यासाठी अतिविशेषज्ञ असावे लागत नाही. समाजबांधवांना एवढेच सांगेन, की जुन्या फिल्म आणि सी.डी. टाकून देऊ नका. केवळ अहवालाचा कागद पुरेसा नसतो.

मास्तरांचे स्टेरॉइड हळूहळू कमी करून २०१६ साली थांबविले. पुढच्याच वर्षी डोळे पुन्हा पिवळे झाले. हा विकार उलटतो, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही सांगितलेले होते. तरी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. 'तेच आहे ना, डॉक्टरसाहेब? दुसरं काही नाही ना?' मी त्या वेळी होकार दिला नाही. एम.आर.सी.पी., सी.टी., आय.जी.जी.४ आणि नलिकेतील तुकडे, सारे नव्याने केले. अहवाल यायला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस त्यांच्या पत्नी रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसत. दहाव्या दिवशी मी होकार दिला.